फौज उतरते, राजवट पडते. मग पगार कोण करतं?

एखाद्या देशातलं सरकार मोडून पडतं, टोळ्या माजतात, आणि मग बाहेरची फौज उतरते. राजधानी हातात यायला फारसा वेळ लागत नाही. २००३ मध्ये बगदाद तीन आठवड्यांत पडलं. २००१ मध्ये अफगाणिस्तानातली तालिबानची राजवट दोन महिन्यांत संपली. टीव्हीवर दिसतं ते एवढंच. त्यानंतरचं काम पंधरा-वीस वर्षं चालतं आणि त्यातलं निम्मं दप्तराचं असतं: यादीत कोणाचं नाव आहे, पैसे कोणाच्या हातून जातात, जमिनीचा कागद कोणाकडे आहे. शांतता टिकते किंवा मोडते ती बहुतेक वेळा याच दप्तरात.

बेळगाव भागात हा विषय परका नाही. शहरात मराठा सेंटर आहे. खानापूरपासून निपाणीपर्यंत अशी कितीतरी गावं आहेत जिथे घरटी एक माणूस फौजेत आहे किंवा होता, आणि यूएन मिशनवर काँगो, लेबनॉन, दक्षिण सुदानला भारतीय तुकड्या वर्षानुवर्षं जात आल्या आहेत. हयातीचा दाखला वेळेत गेला नाही म्हणून दोन महिने पेन्शन अडकली, की घरात काय होतं हे इथे सांगावं लागत नाही. आता असं समजा, की एका सहीने लाखो घरांचा पगार आणि पेन्शन कायमची बंद झाली, आणि त्यातल्या बहुतेक घरांत बंदूक आहे. इराकमध्ये हेच झालं. अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी १६ मे २००३ रोजी पहिला हुकूम काढून सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरच्या सगळ्यांना सरकारी नोकरीतून काढलं. त्यात हजारो शिक्षक होते, कारण नोकरी टिकवण्यासाठी पक्षात जावंच लागायचं. आठवडाभराने, २३ मे रोजी, दुसऱ्या हुकमाने सैन्यच बरखास्त केलं. जवळपास चार लाख माणसं घरी बसली. सैनिकांना ठरावीक रक्कम देण्याचा निर्णय पुढे झाला, पण तोवर त्यांनी रस्त्यावर निदर्शनं केली होती, गोळीबारात काही मेले होते, आणि शस्त्रागारं लुटली गेली होती. पुढे जे बंड उभं राहिलं त्याला अनुभवी अधिकारी मिळाले ते इथूनच.

आधी माणसं किती लागतात ते पाहू

अभ्यासकांमध्ये एक ढोबळ आकडा चालतो: अशांत मुलखात दर हजार लोकसंख्येमागे सुमारे २० सुरक्षारक्षक, सैनिक आणि पोलीस मिळून. हा काही नियम नाही, जुन्या मोहिमांवरून काढलेला अंदाज आहे. पण हिशेब करून पाहा. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या होती ४७ लाख ८० हजारांच्या आसपास. हजारी २० म्हटले तर एवढ्या एका जिल्ह्याला ९५ हजारांवर माणूस लागेल.

बोस्नियाची लोकसंख्या ४० लाखांच्या आत होती. युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानंतर तिथे नाटोने ६० हजार सैनिक उतरवले. वीस लाखांच्या कोसोव्होत सुमारे ५० हजार होते. दोन्हीकडे युद्ध पुन्हा पेटलं नाही. इराकची लोकसंख्या अडीच कोटी, म्हणजे पाच लाख माणूस हवा होता. होते अमेरिकेचे दीड लाख. युद्धाआधीच जनरल एरिक शिन्सेकी यांनी अमेरिकी सिनेटपुढे सांगितलं होतं की कित्येक लाख सैनिक लागतील. त्यांचं कोणी ऐकलं नाही. अफगाणिस्तानात तर २००२ साली आंतरराष्ट्रीय सुरक्षा दल पाचेक हजारांचं होतं आणि तेही फक्त काबूलपुरतं. बाकी देश जुन्या सरदारांच्या हातात राहिला. काबूलबाहेर जायची परवानगी सुरक्षा परिषदेने दिली ती ऑक्टोबर २००३ मध्ये.

वेळेचाही हिशेब आहे. यूएनच्या २००० सालच्या ब्राहिमी अहवालाने म्हटलं होतं की युद्धबंदीनंतरचे पहिले सहा ते बारा आठवडे सगळ्यात नाजूक असतात. लोक तेवढ्यात ठरवतात की नव्या व्यवस्थेवर भरवसा ठेवायचा, की आपल्या टोळीच्या म्होरक्याकडेच परत जायचं.

बंदूक जमा करताना

या कामाला यूएनचे लोक ‘डीडीआर’ म्हणतात: हत्यार काढून घेणं, पथकं मोडणं, आणि माणसाला कामाधंद्याला लावणं. ठरवलेल्या जागी लढवय्या येतो. हत्यार रिकामं आहे ना ते पाहतात, काडतुसं वेगळी ठेवतात. तो खरोखर लढणारा आहे का, कोणाच्या हाताखाली होता, हे विचारतात. फोटो काढून ओळखपत्र देतात, डॉक्टर तपासतो, काही दिवस छावणीत ठेवतात. मग थोडी रोख रक्कम देऊन गावी पाठवतात आणि शाळा किंवा एखादं काम शिकण्यासाठी नाव घालतात. शेवटची पायरी सगळ्यात महाग आणि सगळ्यात लांब असते. पैसेही तिथेच संपतात, कारण देणगीदार देशांना बंदुकांचा ढीग जाळतानाचा फोटो हवा असतो आणि तो पहिल्याच पायरीला मिळून गेलेला असतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. डिसेंबर २००३ मध्ये राजधानी मन्रोव्हियाजवळच्या एका छावणीत काम सुरू झालं. तयारी होती थोड्या माणसांची, आले हजारो. पैसे आत्ताच द्या म्हणून दंगल झाली, शहरात गोळीबार झाला, माणसं मेली. काम थांबवावं लागलं ते पुढच्या एप्रिलपर्यंत. अंदाज होता ३८ हजार लढवय्यांचा. नोंद झाली एक लाखाच्या वर. हत्यारं जमा झाली सुमारे २८ हजार. असं का झालं? अट अशी होती की एक बंदूक किंवा १५० काडतुसं आणली तरी नाव लागतं, आणि नाव लागलं की दोन हप्त्यांत ३०० डॉलर. म्होरक्यांनी काडतुसं वाटून आपली माणसं, भाचे-पुतणे, कधी लढलेच नव्हते असे लोक रांगेत उभे केले आणि मिळालेल्या पैशातून वाटा घेतला.

शेजारच्या सिएरा लिओनमध्ये उलटी चूक झाली. बंदूक उघडून परत जोडून दाखव, अशी परीक्षा होती. त्यामुळे खोटे लोक थोडे गळले, पण ज्या मुली-बायांना टोळ्यांनी पळवून नेलं होतं, ज्यांनी स्वयंपाक केला, ओझी वाहिली, आणि ज्यांना बळजबरीने बायको करून ठेवलं होतं, त्यांच्या नावावर बंदूक नव्हती. त्यांच्यातल्या फार थोड्यांचं नाव लागलं. अट सैल केली तर यादी फुगते, घट्ट केली तर खरी माणसं बाहेर राहतात. मधला रस्ता म्हणजे नोंदीचं काम म्होरक्याने दिलेल्या यादीवर न सोडणं आणि बायका-मुलांसाठी बंदुकीची अट नसलेलं वेगळं दार ठेवणं.

आमच्या मते या बाबतीत सगळ्यात शहाणपणाचं काम मोझांबिकमध्ये झालं. १९९२ मध्ये सरकार आणि बंडखोरांत करार झाला, यूएनचं मिशन गेलं (भारतीय तुकड्याही त्यात होत्या), आणि दोन्ही बाजूंच्या नव्वद हजारांच्या आसपास सैनिकांना घरी पाठवलं. सहा महिन्यांचा पगार सरकारने दिला, पुढच्या दीड वर्षाची रक्कम देणगीदार देशांच्या पैशातून. महत्त्वाचं म्हणजे ती रक्कम माणसाने जो जिल्हा आपला म्हणून सांगितला तिथल्या बँकेच्या शाखेतून मिळायची. पैसे घ्यायला तो राजधानीत राहिला नाही, कमांडरच्या दारात गेला नाही. आपल्या गावाजवळ गेला. दोन वर्षं म्हणजे घर उभं करून एक-दोन पिकं हातात यायला पुरेसा काळ.

पगार कोणाच्या हातून जातो

काँगोच्या सैन्यात पगाराची रोकड वरून खाली कमांडरच्या हातून यायची. कमांडर शंभराच्या तुकडीत दीडशे नावं लिहायचा, पन्नासांचे पैसे ठेवायचा, आणि उरलेले शंभर महिनाभर उशिरा द्यायचा. उपाशी सैनिक मग रस्त्यावर नाका लावून लोकांना लुटायचा. २००५ पासून युरोपीय संघाच्या सल्लागारांनी इथे एक साधी पण मोठी गोष्ट केली: हुकमाची साखळी आणि पैशाची साखळी वेगळी केली. सैनिकांची मोजणी, बोटांच्या ठशांसह ओळखपत्र, आणि पगार वाटणारा माणूस तुकडीच्या बाहेरचा. मोजणीत कागदावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी सैनिक निघाले.

अफगाणिस्तानात २००९ मध्ये वर्दक प्रांतात काही पोलिसांचा पगार मोबाईलवर थेट पाठवायचा प्रयोग झाला. पहिल्या महिन्यात पोलिसांना वाटलं पगारवाढ झाली. वाढ झालीच नव्हती; मधल्यामध्ये सुमारे तीस टक्के खाल्ले जात होते ते पहिल्यांदाच पूर्ण हातात आले. एका कमांडरने तर शिपायांचे फोन काढून घेऊन स्वतःच पैसे काढायचा प्रयत्न केला. हा प्रयोग देशभर लवकर पसरवला असता तर बराच फरक पडला असता, असं आम्हाला मनापासून वाटतं. झालं उलट. कागदावर तीन लाखांची फौज होती. २०२१ मध्ये काबूल पडल्यावर माजी अर्थमंत्र्यांनी सांगितलं की त्यातली बहुसंख्य नावं भुताटकीची, म्हणजे फक्त कागदावरची होती. सरकारी खर्चाचा तीन चतुर्थांश भाग परदेशी मदतीवर चालत होता, विमानांची देखभाल परदेशी कंत्राटदार करत होते. कंत्राटदार गेले, विमानं जमिनीवर बसली. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल जवळजवळ लढाईविना गेलं. भारताने बांधलेला जरंज–देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आणि हेरातजवळचं सलमा धरण आजही उभं आहे. पण ज्या यंत्रणेने ते सांभाळायचं, तिचा पगार त्या देशाच्या स्वतःच्या करातून कधी निघालाच नाही.

लिबियात तर पगारानेच टोळ्या वाढवल्या. २०११ मध्ये नाटोने फक्त आकाशातून मदत केली, गद्दाफी मारला गेला, आणि जमिनीवर कोणीच थांबलं नाही. नव्या सरकारने क्रांतिकारकांना पगार सुरू केला, पण टोळ्या मोडल्या नाहीत. पगार टोळीच्या म्होरक्यामार्फतच जात राहिला. प्रत्यक्ष लढलेल्यांच्या कितीतरी पट नावं यादीत आली. २०१४ पर्यंत देशात दोन सरकारं होती.

पूर्व तिमोरमध्ये यादी लहान होती, तरी तिनेच घात केला. इंडोनेशियापासून वेगळं व्हायच्या १९९९ च्या सार्वमतानंतरचा हिंसाचार ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालच्या फौजेने थांबवला, यूएनने कारभार चालवला, २० मे २००२ ला देश स्वतंत्र झाला. यशाची कहाणी म्हणून ती सगळीकडे सांगितली जात होती. २००६ मध्ये सैन्यातल्या पश्चिमेकडच्या शिपायांनी तक्रार केली की बढत्या पूर्वेकडच्यांनाच मिळतात. सुमारे सहाशे जणांना एकदम काढून टाकलं. सैन्य होतं जेमतेम चौदाशेचं. काही आठवड्यांत राजधानीचं दिली शहर जळत होतं, दीड लाख माणसं घराबाहेर पडली होती, आणि नुकतीच गेलेली परदेशी फौज परत बोलवावी लागली. पुढे त्या शिपायांना प्रत्येकी ८ हजार डॉलर देऊन प्रश्न मिटवला. तक्रार आली तेव्हाच एक निःपक्ष चौकशी झाली असती तर केवढं वाचलं असतं.

पोलीस, कोर्ट, उतारा

सैनिक नाका लावू शकतो, चोरीचा तपास करू शकत नाही. बाहेरून आलेल्या फौजेला तिथली भाषा येत नाही आणि कायदा ठाऊक नसतो. म्हणून पोलीस लवकर हवेत, आणि पोलिसांबरोबर कोर्ट आणि तुरुंगही. नाहीतर पकडलेला माणूस दुसऱ्या दिवशी सुटतो आणि साक्षीदाराच्या दारात उभा राहतो. जुन्या पोलिसांतले कोण ठेवायचे, कोण काढायचे, हे एकेका माणसाची फाईल बघून ठरवावं लागतं. लायबेरियात नव्या सैन्यासाठी अशीच छाननी केली: उमेदवाराचा फोटो त्याच्या मुलखात लावायचा आणि कोणाची तक्रार असेल तर सांगा म्हणायचं. काम संथ झालं, सैन्य दोन हजारांचंच राहिलं, पण टिकलं.

त्याच लायबेरियात २००७ मध्ये भारताच्या सीआरपीएफच्या महिलांची तुकडी यूएनच्या निळ्या टोप्या घालून उतरली. सव्वाशेच्या आसपास बायका, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या बंदोबस्तापासून रात्रीच्या गस्तीपर्यंत सगळं करणाऱ्या. यूएन मिशनवर गेलेली जगातली ही पहिली पूर्ण महिला पोलीस तुकडी. ती २०१६ मध्ये परतली तेव्हा लायबेरियाच्या पोलिसांतलं बायकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं होतं. अत्याचाराची तक्रार घेऊन येणारी बाई कोणाशी बोलू शकते, हा ज्या देशाने युद्धात एवढं भोगलं तिथे साधा प्रश्न नव्हता.

मग जमीन. पळून गेलेली माणसं परत येतात तेव्हा त्यांच्या घरात दुसरंच कोणी राहत असतं, आणि तेही कुठूनतरी हाकललेलंच असतं. आपल्याकडे एका सर्व्हे नंबरवर दोन भावांची नावं असली तर उताऱ्यासाठी किती वर्षं जातात ते सगळ्यांना माहीत आहे. बोस्नियात असे सुमारे दोन लाख दावे होते. नियम एकच ठेवला: युद्धाआधी घर ज्याचं होतं त्याचं, आत्ता कोण राहतो ते बघायचं नाही; राहणाऱ्याची सोय वेगळी करायची. स्थानिक अधिकाऱ्यांनी फायली दाबल्या, तेव्हा नोव्हेंबर १९९९ मध्ये डेटन करार अमलात आणायला नेमलेल्या आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीने एका दिवसात २२ पदाधिकाऱ्यांना घरी बसवलं. त्यानंतर फायली हलल्या. काही वर्षांत ९० टक्क्यांवर दावे निकालात निघाले. सगळेजण परत राहायला गेले असं नाही, पुष्कळांनी घर परत घेऊन विकलं. पण आपलं आपल्याला मिळालं, हा हिशेब तरी मिटला.

बोस्नियातली आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या वाचकाने मुद्दाम बघावी. आपला सीमाप्रश्न दोन राज्यांमधला, कोर्टात असलेला वाद आहे. बोस्नियातल्या कत्तलींशी त्याचं काही नातं नाही. पण गाडीच्या नंबरावरून माणूस ओळखला जातो म्हणजे काय, हे बेळगावात कळतं. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ एमएच नंबरच्या ट्रकवर दगड पडले आणि दोन्हीकडच्या बसगाड्या बंद झाल्या, तेव्हा केए २२ आणि एमएच यांतला फरक ड्रायव्हरांनी अंगावर अनुभवला. बोस्नियात युद्धानंतर सर्ब भागातल्या गाड्यांच्या पाट्या वेगळ्या, बाकीच्यांच्या वेगळ्या. हद्द ओलांडली की गाडीवरूनच कळायचं कोण आलं. सैनिक होते, रस्ते खुले होते, तरी लोक जात नव्हते. १९९८ मध्ये सगळ्या देशाला एकच पाटी आणली. अक्षरं निवडली फक्त ए, ई, जे, के, एम, ओ आणि टी, कारण ती रोमन आणि सर्बांच्या सिरिलिक अशा दोन्ही लिप्यांत सारखीच दिसतात. पाटीवर गावाचं नाव नाही, भागाचं नाव नाही. बघता बघता हद्दीपलीकडची वर्दळ वाढली. खर्च जवळजवळ काही नाही.

मतदान कधी

लवकर मतदान घेतलं की बाहेरच्या फौजेला घरी जायचं निमित्त मिळतं, म्हणून घाई होते. अंगोलात १९९२ मध्ये दोन्ही सैन्यं पुरती मोडली नसताना मतदान घेतलं. हरलेला बंडखोर नेता साविंबी याने निकाल नाकारला आणि युद्ध पुढे दहा वर्षं चाललं. मोझांबिकने त्यावरून धडा घेतला, मतदान वर्षभर पुढे ढकललं, आधी सैनिक घरी पाठवले. बोस्नियात करारानंतर नऊ-दहा महिन्यांत मतदान झालं आणि ज्यांनी युद्ध चालवलं तेच राष्ट्रवादी पक्ष निवडून आले. गावपातळीवरच्या निवडणुका आधी, देशपातळीवरच्या नंतर, हा क्रम बहुतेक ठिकाणी जास्त सुरक्षित ठरतो.

श्रीलंका आणि बांगलादेश

भारताचे दोन अनुभव शेजारीच आहेत. १९८७ च्या जुलैत करार झाला आणि शांतिसेना श्रीलंकेत गेली. लिट्टेने थोडी हत्यारं दिली, बाकी ठेवली, आणि दोन-तीन महिन्यांत लढाई भारतीय सैन्याशीच सुरू झाली. सुमारे बाराशे जवान मारले गेले. इथे बंदूक भारताकडे होती, पण पोलीस, महसूल आणि तिजोरी कोलंबोकडे. उत्तर-पूर्व प्रांतात १९८८ मध्ये निवडून आलेल्या सरकारकडे ना पैसा होता ना अधिकार. त्याच्या रक्षणासाठी तरुणांना बळजबरीने भरती करून तमिळ नॅशनल आर्मी उभी केली. मार्च १९९० मध्ये शेवटचा भारतीय सैनिक निघाला तोवर लिट्टेने ती संपवली होती.

बांगलादेशात भारतीय सैन्य १२ मार्च १९७२ ला ढाक्यातून परतलं, तीन महिन्यांच्या आत. ते शक्य झालं कारण तिथे निर्वासित सरकार तयार होतं, प्रांताची नोकरशाही जागेवर होती, आणि लोकांनी निवडलेले प्रतिनिधी होते. टांगाइलच्या कादर सिद्दिकींनी जानेवारीतच आपल्या माणसांची हत्यारं शेख मुजीब यांच्यासमोर ठेवली. तरी सैन्याच्या यादीत गाठ राहिली: मुक्तिसंग्रामात लढलेल्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची ज्येष्ठता मिळाली, पाकिस्तानातून परतलेले नाराज झाले, आणि शेजारी रक्खी वाहिनी नावाचं वेगळं दल उभं केल्याने दोघेही नाराज झाले. ऑगस्ट १९७५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनीच मुजीब यांची हत्या केली.

निघायचं कधी आणि कसं

जागतिक बँकेने २०११ च्या अहवालात हिशेब मांडला होता: विसाव्या शतकात ज्या देशांनी सगळ्यात वेगाने सुधारणा केल्या त्यांनाही सैन्याला राजकारणातून बाहेर काढायला सरासरी १७ वर्षं लागली, कामापुरती नोकरशाही उभी करायला २०, आणि भ्रष्टाचार आटोक्यात आणायला २७. बाहेरच्या देशातली निवडणूक मात्र चार-पाच वर्षांनी येते. म्हणून फौज एकदम काढू नये. आधी शहरातून बराकीत, मग बराकीतून प्रशिक्षणापुरती, मग सल्लागार, असं पायरीपायरीने कमी करायची, आणि प्रत्येक पायरीला तारखेची अट न घालता कामाची अट घालायची: पोलीस स्वतः गस्त घालतात का, पगार वेळेवर होतो का, तो देशाच्या करातून होतो का.

सिएरा लिओनमध्ये असंच झालं. २००० साली बंडखोरांनी यूएनचे पाचशेच्या आसपास शांतिसैनिक ओलीस धरले होते. कैलाहूनमध्ये वेढ्यात सापडलेल्या भारतीय तुकडीला जुलैत ऑपरेशन खुकरीने सोडवलं. ब्रिटिश फौज उतरली, यूएनचं दल साडेसतरा हजारांपर्यंत वाढवलं, ७२ हजारांवर लढवय्यांची हत्यारं घेतली, आणि जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं. मोठं दल २००५ मध्ये गेलं. पण ब्रिटिश लष्करी प्रशिक्षकांचं पथक तिथे २०१३ पर्यंत होतं, म्हणजे शेवटची गोळी सुटल्यावर अकरा वर्षं. शेजारच्या लायबेरियात यूएन १५ वर्षं थांबलं. जानेवारी २०१८ मध्ये मतदानाने सत्ता एका राष्ट्राध्यक्षाकडून दुसऱ्याकडे गेली, आणि मार्चमध्ये मिशनचं ऑफिस बंद झालं.